दुसऱ्या वेळचं रक्त

“सहा महिन्यांनी परत यायचं, विदाद. बरं वाटत असलं तरी यायचं. बरं वाटतंय म्हणूनच तर बायका हमखास विसरतात.”

लेला झकिया हे बोलल्या तेव्हा विदाद स्फाक्स शहरातल्या मोठ्या दवाखान्यात खाटेवर पडून होती. पोटावरचे टाके ओढत होते आणि शेजारच्या पाळण्यात कालच जन्मलेली दोर्रा मूठ तोंडात घालायचा प्रयत्न करून सारखी हुकत होती. असं दृश्य समोर असताना कुणाचं काय कानात शिरतं! विदाद “हो हो” म्हणाली, मान हलवली, आणि ते बोलणं जे कानाआड गेलं ते गेलंच.

लेला झकिया त्या दवाखान्यातल्या पेढीच्या. रक्तपेढी असते ना, तशीच ही तळमजल्यावरची दुसरी पेढी. तिथं दान आलेलं हाड, कातडी, डोळ्यांची बुबुळं आणि बाळंतिणींच्या वारेचे पडदे गोठवून ठेवत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या विदादच्या खाटेशी येऊन बसल्या होत्या. पांढऱ्या कोटाखाली फुलाफुलांचा झगा, चष्मा डोक्यावर. त्यांनी समजावून सांगितलं, की वारेच्या आत एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. डोळा भाजला की तो वर घालतात, त्याच्या आडोशानं डोळा भरून येतो. वार एरवी टाकूनच द्यायची, मग दिलीस तर...

“देते,” विदाद त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली.

तिचे बाबा, बशीर, स्फाक्ससमोरच्या केर्केना बेटावरचे कोळी. एका वर्षी ईदच्या आधी घराला चुना द्यायला चुनकळी भिजवताना ती उसळून उडाली आणि त्यांचा डावा डोळा गेला. तेव्हा विदाद शाळेत होती. बाबांनी समुद्राच्या पाण्यानं डोळा धुतला, तसेच होडीत बसून स्फाक्सला गेले, आणि आले ते कापसाची पट्टी बांधूनच. तेव्हापासून माशांचं जाळं ओढताना ते मान एका बाजूला कलती धरत. बेटावर चुन्यानं गेलेले असे डोळे घरोघर सापडतील. तेव्हा हा पडदा कुणासाठी, हे विदादला कुणी सांगायला नको होतं. रसायनशास्त्र शिकलेली, शाळेत शिकवणारी बाई ती. पण त्या घटकेला तिला फक्त बाबांची कलती मान दिसत होती.

मग लेला झकियांनी विचारपूस सुरू केली. “गेल्या वर्षात कुठं गोंदवलंस?”

“नाही हो.”

“नाक-कान टोचले? रक्त चढवलं? दाढ काढली? घरी कुणाकडून सुई टोचून घेतलीस? कुठं कापलं-बिपलं?”

“नाही, काही नाही.”

“अहो, पोरगी धुतल्या तांदळासारखी आहे,” खाटेच्या दुसऱ्या बाजूनं मन्नाना मावशी म्हणाली. “मी ओळखते ना तिला. हिची आई गेली त्या दिवसापासून हिचं सगळं मीच तर बघतेय. आणि काय हो बाई, पडदा घ्या हवा तर, पण बाकीची वार मला द्या.”

“तुम्हाला? कशाला?”

“कशाला म्हणजे? खजुरीखाली पुरायला! वार बेटाच्या मातीत पुरली की पोर बेट सोडून जात नाही. तुमच्या शहरात हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून तर तुमची पोरं उठसूट फ्रान्सला पळतात.”

लेला झकिया हसल्या. त्यांचा मुलगा फ्रान्सलाच होता. “घ्या बाई,” म्हणाल्या. “पडदा माझा, बाकी तुमचं.”

आणि खरंच, दोन दिवसांनी परतीच्या लूदवर, म्हणजे बेटाच्या त्या संथ मोठ्या बोटीवर, मन्नाना मावशी मांडीवर टोपली घेऊन बसली होती. वर भाकरीचं फडकं. शेजारच्या माणसानं विचारलं, “काय नेताय मावशी, मासा का?” तर म्हणाली, “बेटावर मासे शहरातून नेणारी वेडी दिसते का रे मी तुला?”

विदादला आजही ते आठवलं की हसू येतं, आणि हसता हसता कुठंतरी आत दुखतं.

ते दिवसच तसे होते. घराघरांतून बाया झरीर घेऊन यायच्या, तीळ-मधाचा तो दाट गोड गोळा. बाळाला बघायच्या निमित्तानं स्वतःच वाटी चाटून जायच्या. अंगणात दोरीवर ऑक्टोपस वाळत टाकलेले असायचे. वारा आला की त्यांचे पाय हलायचे आणि दोर्रा टक लावून बघत राहायची. आणि शुक्रवारी मन्नाना मावशीच्या अंगणात बैठक भरायची.

मन्नाना मावशी तुंबड्या लावायची. तिच्या आईच्या वेळी त्या शिंगाच्या होत्या. तिच्याकडे दह्याच्या काचेच्या छोट्या बरण्या होत्या, घासूनपुसून लखलखीत. चटईवर बाया ओळीनं बसायच्या, झगे खांद्यावरून उतरवून, केस वर बांधून. मावशी कागदाचा बोळा पेटवून बरणीत टाकायची आणि बरणी मानेवर दाबायची. कातडी आत ओढली जायची. मग बरणी काढून त्या जागी पात्यानं बारीक बारीक रेघा, आणि पुन्हा बरणी. काळपट रक्त साचायचं. “बघ, हे तुझ्या सासूचे टोमणे साचलेत,” ती म्हणायची, आणि अंगण हसून लोळायचं. दर शुक्रवारी ती नवं कोरं पातं काढायची. कागद सोडवून सगळ्यांना दाखवायची. जुन्या पात्याला तिनं कधी हात लावला नाही. एकीची मान झाली की संत्र्याच्या फुलांच्या अर्कात ते बुडवायची, फडक्यानं पुसायची, की पुढची मान. सगळ्या अंगणाला त्या फुलांचा वास यायचा.

दोर्राच्या वेळी नववा लागला तेव्हा विदादचं डोकं फार दुखायचं. तीही त्या चटईवर बसली होती. तिच्या पुढं तीन बाया झाल्या होत्या. मावशीनं मानेवरून हात फिरवत म्हटलं होतं, “हलकी होशील बघ.” आणि झालीही. घरी येऊन ती इतकी शांत झोपली, की लमजदनं, तिच्या नवऱ्यानं, जागं करून विचारलं, “अगं, जिवंत आहेस ना?”

सहा महिने कसे गेले तिला कळलंही नाही. दोर्राला पहिला दात यायला झाला होता, ती दिवसभर लाळ गाळायची, आणि विदाद दर घटकेला तिच्या कपाळाला हात लावून बघायची. पोर जरा जास्त वेळ झोपली तर नाकाशी बोट धरायची. अशात एक दिवस फोन वाजला.

“लेला झकिया बोलतेय. कधी येतेस?”

“कुठं?”

“बघ, विसरलीसच. दुसऱ्यांदा रक्त द्यायला.”

“अहो, मी एकदम ठणठणीत आहे. आणि तेव्हा तपासलंत की!”

“तेव्हाचं तेव्हा. आजार नुकताच शिरलेला असला तर तपासणीत दिसत नाही गं, दिसायला वेळ लागतो. म्हणून तर तुझा पडदा मी कुलपात ठेवलाय. तुझ्या दुसऱ्या रक्ताशिवाय तो मला कुणाला देता येत नाही.”

“बरं, वारा जरा पडला की येते. लूद फार हलते हो, पोर लहान आहे.”

वारा पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. पुन्हा फोन आला. या वेळी तो दोर्राला खेळवत बसलेल्या मन्नाना मावशीनं उचलला, आणि ठेवल्यावर विदादकडे असं पाहिलं की बस.

“तिकडं कुणीतरी डोळा मिटून बसलाय तुझ्या वाटेकडं, आणि तू वाऱ्याची कारणं सांगतेस? बशीरचा डोळा विसरलीस?”

“मावशी, पोरीला घेऊन...”

“पोरीला मी घेते. नाहीतर मी येते बरोबर. सुईला घाबरतेस की काय? सगळं बेट माझ्याकडं हसत हसत रक्त काढून घेतं, आणि या मास्तरीणबाई एवढ्याशा सुईला भ्यायल्या!”

तेव्हा त्या दोघी गेल्या. दोर्रासकट. दुसऱ्या वेळचं रक्त द्यायला विदादला ओढून नेलं ते मन्नाना मावशीनं, हे इथं सांगायलाच हवं. पुढं लोक ते विसरले.

तळमजल्यावर थंडी होती. लेला झकियांनी दंडाला रबर बांधलं, सुई घातली, नळी भरली. तेवढ्यात दोर्राच्या हातातला खुळखुळा खाली पडला, आणि विदाद तो उचलायला वाकली. मानेवरचे केस पुढं आले.

“थांब,” लेला झकिया म्हणाल्या. “हे मानेवर काय आहे?”

“कुठं?”

“या रेघा. बारीक, पांढऱ्या.”

“ते होय! तुंबड्यांचे वण.”

“कधी लावल्यास?”

“दोर्राच्या आधी. नववा लागला होता. डोकं दुखायचं फार.”

लेला झकियांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “मी तुला विचारलं होतं, कुठं कापलंय का.”

“पण ते...” विदाद बोलता बोलता थांबली. तिला खरोखरच खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. आजारी होतीस का असं कुणी विचारलं तर आपण न्हायला गेल्याचं सांगत नाही, तसं ते. तुंबड्या म्हणजे कापणं, हे तिच्या मनातच कधी आलं नव्हतं. शेजारी मावशी बसली होती, तिच्याही आलं नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“पातं नवं होतं,” मावशी म्हणाली. “दर शुक्रवारी नवं काढते मी.”

“दर शुक्रवारी,” लेला झकिया हळूच म्हणाल्या. “दर बाईला नाही?”

मावशी मांडीवरच्या टोपलीतलं फडकं सरळ करत राहिली.

विदादनं लेला झकियांचा हात धरला. “माझा पडदा... कुणाला दिला का? खरं सांगा. कुणाच्या डोळ्यावर घातला का?”

“नाही.”

“नक्की?”

“अगं, म्हणून तर कुलूप. ये, दाखवते.”

त्यांनी तिला आत नेलं. पोलादी शीतपेटीचं झाकण उचललं तशी थंड वाफ बाहेर आली. आत कप्पे होते, कप्प्यांत पाकिटं. लेला झकियांनी जाड हातमोजा घालून एक उचललं. काहीच दिसत नव्हतं, नुसता बर्फाळ पांढरा चौकोन. विदादनं दोर्राला छातीशी आणखी घट्ट धरलं. ही पोर ज्याच्या आत वाढली तेच हे, असं तिच्या मनात आलं, आणि मूर्खासारखे डोळे भरून आले.

“दुसरं रक्त साफ आलं, तरी मला मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागेल आता,” लेला झकिया म्हणाल्या. “आणि साफ नाही आलं तर...”

रक्त साफ आलं नाही.

काविळीच्या जातीचा तो आजार, लिव्हरला हळूहळू खाणारा, वर्षानुवर्षं गप्प बसणारा. डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्यांनी तो पुरता जातो, भिऊ नका. पण विदादला त्यातलं “गोळ्या” हे ऐकूच आलं नाही. तिचं सगळं लक्ष दोर्राच्या पायाकडे होतं. त्या गुबगुबीत टाचेतून नर्स रक्त काढत होती, पोर किंचाळत होती, आणि आपण तिला जगात आणताना सोबत काय दिलं याचा विचार विदादला बसू देईना. त्या निकालाची वाट बघताना तिनं लमजदशी धड बोलणं केलं नाही. कपडे धुताना पोरीचे वेगळे, आपले वेगळे करायची. बाबा म्हणाले, “अगं, असं लागत नाही ते, डॉक्टर म्हणाला ना?” तर त्यांच्यावरच खेकसली.

दोर्रा निर्मळ निघाली. तेव्हाही, आणि मोठी झाल्यावर पुन्हा केलेल्या तपासणीतही. पोरीचं दूध सुटल्यावर विदादनं गोळ्या घेतल्या, आणि तिचंही रक्त साफ झालं. पडदा मात्र जाळावा लागला. लेला झकियांनी फोनवर सांगितलं, तेव्हा विदादनं विचारलं, “सगळाच?”

“सगळाच. पण पोरी, कुणाच्या डोळ्यात गेला नाही. तेवढं लक्षात ठेव.”

त्या अंगणातल्या बायांना दवाखान्यातून बोलावणी आली. तपासण्या झाल्या. आणखी दोघींच्या रक्तात तेच निघालं, त्याही गोळ्या घेऊन बऱ्या झाल्या. सुरुवात कुणापासून झाली हे कुणालाच सांगता येईना. लोकांना मात्र सांगता येत होतं. बाया मन्नाना मावशीच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूनं चालू लागल्या. शुक्रवारची चटई गुंडाळली गेली. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. नुसतं येणं बंद झालं, आणि मावशीला ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

विदाद जायची. दोर्राला घेऊन जायची, मुद्दाम शुक्रवारी, म्हणजे अंगण रिकामं वाटू नये. मावशी पोरीला जवाची भाकरी कुस्करून द्यायची, बशीरच्या होडीची चौकशी करायची, लेला झकियांच्या फ्रान्समधल्या मुलाचीसुद्धा. पण विदादनं तो विषय काढला की ती उठून चहा ठेवायची.

“मावशी, तुझं रक्त तपासून घे ना गं. तुझ्या बोटांना किती वेळा पातं लागलंय, मी बघितलंय.”

“माझं म्हातारं रक्त तपासून काय करायचंय? कुणाला देणार आहे मी ते?”

“तुझ्यासाठी तपासायचं. गोळ्या आहेत आता, सगळं जातं.”

“उद्या जाऊ.”

“किती उद्या झाले!”

मावशीनं चहात पुदिन्याची पानं टाकली. ढवळता ढवळता विदादकडे न बघता म्हणाली, “विदाद, ते माझ्यात निघालं तर? म्हणजे मग माझ्याकडूनच ना, सगळ्यांना? तुला? तुझ्या आईला मी शब्द दिला होता गं, पोरीला काही होऊ देणार नाही म्हणून.”

विदादला बोलायचं खूप होतं. बोट आधी कापलं की मान आधी, हे आता देवालाच ठाऊक, आणि तूच मला ओढून नेलंस म्हणून तर मी वाचले, आणि तो कोण कुठला डोळा मिटून बसलेला माणूसही वाचला. तिनं ते सांगितलंही. मावशीनं ऐकून घेतलं, “चहा निवला,” म्हणाली.

पुढं लमजदला फ्रान्सला, मार्सेयच्या गोदीत काम लागलं. निघायच्या दिवशी मन्नाना मावशी धक्क्यावर आली होती. दोर्राच्या खिशात तिनं खारे बदाम भरले, आणि विदादला म्हणाली, “तो पडदाही पुरायला हवा होता मी. अर्धीच वार पुरली, म्हणून चाललात.” आणि हसली. तिच्या हसण्यावर लूदचा भोंगा वाजला.

आता दोर्रा शाळेत जाते, फ्रेंचमध्ये भांडते. मार्सेयचा समुद्र तोच आहे म्हणतात, पण तो केर्केनासारखा उथळ, दुधट, गुडघाभर पाण्यात अर्धा मैल चालत जावं असा नाही. शुक्रवारी विदाद बाजारात संत्र्याच्या फुलांच्या अर्काची बाटली उघडून हुंगते आणि परत ठेवते. दुकानदार आता काही विचारत नाही. त्या वासाबरोबर सगळं येतं. चटई, उघडे खांदे, सासूंच्या चहाड्या, मानेवर फिरलेला तो खरखरीत हात. इतकी माया त्या हातात होती, आणि तेच पातं त्या हातात होतं. दोन्ही गोष्टी तिला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत, आणि आता ती करतही नाही.

दर आठवड्याला ती बाबांना फोन करते आणि विचारते, मावशी गेली का तपासायला? बाबा म्हणतात, “अगं, मी पुरुषमाणूस, तिला कसं विचारू? थकल्यासारखी वाटते जरा. डोळे पिवळट दिसतात, पण माझा एकच डोळा, मला नीट कुठं दिसतंय.” त्या दिवशी मग विदादला रात्रीचं जेवण जात नाही. मावशीला फोन लावला तर पलीकडून एकच उत्तर येतं, “उद्या.”

म्हणून विदाद भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगतेय. कधी त्या बेटावर गेलात, तर लूदमधून उतरून सरळ जा, खजुरींची रांग संपते तिथं निळं दार आहे. दाराबाहेर दह्याच्या काचेच्या बरण्यांमध्ये सब्जाची रोपं लावलेली दिसतील, तेच घर. दार वाजवा. विदादनं पाठवलंय म्हणून सांगा. ती आत बोलावेल, चहा ठेवेल, तुमच्या मुलाबाळांची चौकशी करेल. चहा घ्या, आणि तिला विचारा, मावशी, रक्त तपासलंस का? ती विषय बदलेल. तुम्ही पुन्हा विचारा. उद्या म्हणाली, तर उद्यापर्यंत थांबा, आणि तिला घेऊनच लूदवर चढा.